नावातला शेवटचा शब्द

तुमच्या घरात जे पासबुक आहे, त्याच्यावरचं नाव तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचलंय का? लगेच हो म्हणू नका. मीही म्हणाले असते.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांना, म्हणजे वडिलांनाही नाही. त्यांचा बारामतीत छोटा छापखाना आहे. माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. पाणी, एसटी, शाळेची गळकी खोली, कशावरही अण्णा पत्रक काढायचे आणि खाली स्वतःचं नाव घालायचे. एकदा टँकरच्या फेऱ्या चुकीच्या छापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढं शुद्धिपत्र छापून अण्णा सायकलवरून गावभर वाटत फिरले. लोक हसले, तेही हसले. मला वाटायचं, मी त्यांचीच मुलगी आहे.

सुप्याच्या बाजूला एका संस्थेबद्दल कुजबुज सुरू झाली. ती बुडणार, म्हणे. बाहेर रांग लागली. लोक मुदतठेवी मोडत होते, व्याजावर पाणी सोडत होते. मला राग आला. यांना कुणी काही सांगतच कसं नाही? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘घाबरू नका. बँक बुडाली तरी एका माणसाची त्या बँकेतली पाच लाखांपर्यंतची ठेव, व्याज धरून, विम्यातून परत मिळते.’ खाली माझं नाव.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग चूक कुठे होती? सांगते.

रांगेत आबा होते. आमचे नातेवाईक नव्हेत, पण पत्रकं वाटायला गेले की त्यांच्याकडे चहा ठरलेला. आयुष्यभर मेंढरं राखली, गुडघे गेले तसा कळप विकला. त्यांच्या बायकोचे, आजींचे, गुडघे तर त्यांच्याहून वाईट. कळपाचे पैसे आजींच्या ऑपरेशनसाठी याच संस्थेत ठेवलेले. आबांना वाचता येत नाही. त्यांनी पत्रक माझ्याच हातात परत दिलं.

“काय लिवलंय ते वाच, पोरी. मेंढरं तरी हाकली की हलायची, ही रांग काय हलत न्हाय.”

मी वाचलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“म्हंजी सरकार देतंय व्हय?”

“बुडाली तरी देतं, आबा.”

मागचा माणूस म्हणाला, “आबा, जागा सोडू नगा. पुन्हा मिळायची न्हाय.”

“तू ऱ्हा की उभा. हितं छापलेलं हाय.” त्यांनी पत्रकाची चौघडी केली, कोपरीच्या खिशात घातली आणि चालू लागले. पुढे फक्त सहा माणसं होती. मी मोजली होती, कारण मला अभिमान वाटत होता.

दुपारी बारामतीला येऊन उरलेला गठ्ठा मैत्रिणीला दाखवला. ती बँकेत नोकरीला आहे. तिने वाचलं आणि विचारलं, “कुठली बँक?” मी नाव सांगितलं.

“अगं, ती पतसंस्था आहे. हा विमा बँकांना असतो. सहकारी बँकांनाही असतो. पतसंस्थेला नसतो.”

“सगळे बँकच म्हणतात तिला.”

“म्हणू देत. पाटीवर काय आहे?”

पाटीवर पतसंस्थाच होतं. पाटीखाली दोन तास उभी होते मी. आमच्याकडे तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. ‘बँकेत टाकलंय’, ‘बँकेतनं आणतो’. मीही तेच ऐकत वाढले आणि तेच छापलं.

इथपर्यंत चूक होती. माझा गुन्हा यापुढचा आहे.

त्या दुपारनंतर आणखी दोन दिवस ती संस्था पैसे देत होती. दोन दिवस! सुपे बारामतीपासून असं किती लांब? एसटी होती. छापखाना घरचा होता. मी शुद्धिपत्र लिहूनसुद्धा काढलं. चार ओळींचं. मग ते डोळ्यांपुढे आलं: तीच रांग, तीच माणसं, आणि मी त्यांच्यासमोर, चुकलेली. जिने काल सगळ्यांना शहाणपण शिकवलं, ती. कागद वहीत ठेवला. उद्या जाऊ, म्हटलं. उद्याही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी शटर खाली आलं.

आता तिथे सरकारने नेमलेला माणूस बसतो. वसुली होईल तसं थोडं थोडं मिळेल, म्हणतो. कधी, ते त्यालाही सांगता येत नाही.

आबा मात्र त्याच्याकडे जात नाहीत. त्यांना घाई नाही. त्यांच्याकडे पत्रक आहे. घड्यांवर फाटलं, तर त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलंय. आजी आता अंगणात बसून पुढे सरकतात. गेल्या खेपेला चुलीपासून उंबऱ्यापर्यंत तशाच सरकत आल्या आणि म्हणाल्या, “इमा कवा येतोय गं? आला की उभी ऱ्हाते बघ.”

मी म्हणाले, “येईल. वेळ लागतो.”

हो, पुन्हा. इतकं सगळं माहीत असताना. काय करू शकत होते मी? सांगू शकत होते. तेवढंच हातात होतं, आणि तेवढंही केलं नाही. चहा प्यायले आणि निघाले.

आज हे लिहून खाली माझं नाव घालते आहे. हे शूरपणाचं वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हे सगळ्यांपर्यंत पोचेल, पण आबांपर्यंत नाही. त्यांना वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हा हे मला माहीत होतं.

मला माफी नको, समजून घेणंही नको. तुमच्या घरात ज्याला वाचता येत नाही, त्याचं पासबुक आज मागून घ्या. त्याच्या शेजारी बसा आणि वरचं नाव त्याला मोठ्याने वाचून दाखवा. शेवटच्या शब्दापर्यंत.