आईचे जिवाणू, दादाचं पोट

मी हे लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. विषय संडासाचा आहे, आणि तो छापील पानावर आणावा की नाही इथूनच माझी अडचण सुरू होते. शिवाय मी संशोधक नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करतोय, तेही अजून पुरं व्हायचं आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मी काही बोललो की घरचे ते खरं धरून चालतात. याची मला अलीकडे भीतीच वाटायला लागली आहे. हे माझ्यापेक्षा जास्त कळणाऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. पण जास्त कळणारं कुणी त्या दिवसांत आमच्या घरात नव्हतं, म्हणून मी लिहितो.

माझा मोठा भाऊ चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर आहे, ठेकेदाराकडून. लाइनवरच्या माणसाला लघवीला जायचं असलं तरी रिलिव्हर बोलवावा लागतो, म्हणजे तेवढ्यापुरता त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. तो आला तर जायचं, नाहीतर दम धरायचा. दादाला एका शिफ्टमध्ये पुन्हा पुन्हा रिलिव्हर लागायला लागला, तेव्हा सगळ्यांनी आधी चेष्टाच केली.

"भावा, असं कर," रिलिव्हर त्याला म्हणायचा, "तुझी मशीनच संडासात बसवून घे. मला तरी जरा आराम."

दादाही हसायचा. रक्त पडतंय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीला कळलं ते कपडे धुताना.

तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की बाहेरून काही शिरलेलं नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उठली आहे. औषधं सुरू झाली. दादाचा चेहरा सुजून गोल झाला, गावातल्या बाया वहिनीला म्हणाल्या, "तब्येत सुधारली की गं नवऱ्याची!" गोळ्या कमी केल्या की रक्त परत यायचं. वाढवल्या की थांबायचं, पण तेही हळूहळू थांबेनासं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर मोठं आतडं काढून टाकावं लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल.

त्या दिवशी मी गाडी चालवत होतो, दादा मागे बसला होता. तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"पिशवी लावल्यावर लाइनवर घेतील का रे?"

मी म्हणालो, "बघू." हा शब्द नंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडात बसला.

मी ज्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट करत होतो, तिथे एका हॉस्पिटलबरोबर नेमकं याच आजारावर काम चालू होतं. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडायचे, आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यानंतर शांत होतात का ते पाहायचं. काहींना गुण येत होता, काहींना येत नव्हता. का, ते अजून कुणालाच नीट माहीत नव्हतं. मी बरेच दिवस धीर गोळा करून माझ्या प्रोजेक्टच्या मॅडमना दादाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ नियमांत बसतोय की नाही ते डॉक्टर ठरवतील. बसला, तर इतरांसारखाच येईल. आणि त्याच्या नमुन्यांच्या एकाही नळीला तू हात लावायचा नाहीस." मी मान हलवली. नळ्यांवर फक्त नंबर असायचे. त्यांतल्या दादाच्या कुठल्या, हे मला कळणार नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "म्हणजे लोकांचं माझ्यात घालणार? हे शिकवतात व्हय रे कॉलेजात?"

मी त्याला त्याच्याच कंपनीचं उदाहरण दिलं. गेटवरचा जुना सिक्युरिटी रोजच्या कामगारांना चेहऱ्याने ओळखतो, म्हणून नुसती मान हलवून आत सोडतो. आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, आणि त्यांच्यामुळेच शरीराचा पहारेकरी आपलं कोण, परकं कोण ते शिकतो. जुने जिवाणू गेले की तो बिथरतो, दिसेल त्याला काठी मारतो.

"आमच्या गेटवर नवा आलाय तसला," दादा म्हणाला. "सुपरवायझरलाच अडवून ठेवलेला मागं." मग त्याने विचारलं, "आणि नाही ऐकलं त्यानं तरी?"

"बघू," मी म्हणालो.

देणारं माणूस घरातलं चालणार होतं. मी वाक्य पुरं करायच्या आत आई म्हणाली, "माझंच घ्या." तिच्या रक्ताच्या, शौचाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तिला कुठलाही आजार निघाला नाही, बऱ्याच महिन्यांत तिने अँटिबायोटिकही घेतलेलं नव्हतं. नातेवाइकांत ही बातमी फुटली आणि दादाच्या मेहुण्याने फोनवर विचारलं, "काय पाव्हणं, आईचा प्रसाद कधी हाय?" दादा फोन ठेवून खूप वेळ हसला. वहिनी मात्र हसली नाही. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, याने वाईट तर नाही ना व्हायचं?" दादाच्या गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली होती. नको तो एखादा जंतू आत गेला असता तर तो आवरणं कठीण होतं. मी वाचलेलं सगळं मला आठवलं. मी तिला म्हणालो, तपासण्या झाल्यात. ते खरंच होतं, पण वाचलेलं मी तिला सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी आई, दादा आणि वहिनी हॉस्पिटलमध्ये गेले. मी प्रयोगशाळेत होतो. थोड्याच वेळात वहिनीचा फोन आला. आजचं रद्द झालं होतं. आईचं शौच अगदी पाण्यासारखं होतं. देणाऱ्याला जुलाब असतील तर घेता येत नाही, काही लागण झालेली असू शकते, असं तिथल्या सिस्टरने सांगितलं होतं.

मी गाडी काढली. रस्ताभर मला एकच दिसत होतं: आईलाही काहीतरी आहे, तपासणीत सुटलंय, आणि मी ते दादाच्या आतड्यात घालायला निघालो होतो.

आई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मी विचारलं, "कधीपासून होतंय?"

"मला काय बी झालं न्हाई," आई म्हणाली.

"आई, खरं सांग. काय खाल्लंस?"

"न्हाई म्हणते ना."

वहिनी पदराशी चाळा करत उभी होती. शेवटी तिच्याने राहवेना. "आत्याबाईंनी काल एरंडेल घेतलं. आणि परवापासून नुसतं ताक."

मी आईकडे बघितलं. ती माझ्यावरच चिडली. "त्याला तुमीच सांगितलं ना, पोट साफ करून या म्हणून? त्यानं ते बाटलीतलं औषध पिऊन केलं. घेणाऱ्यानं पोट साफ करायचं, आन् देणाऱ्यानं तसंच यायचं व्हय? लेकराला द्यायची वस्तू. कुणाला लिंबू द्यायचं तरी आपण धुऊन देतो."

मला हसू येईना आणि रडूही येईना. लागण नव्हती, एवढं मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. मग तिच्या शेजारी बसलो. जे द्यायचं होतं तेच तिने धुऊन टाकलं होतं, हे तिला कसं सांगावं कळेना. कॉलेजात शिकलेला एकही शब्द उपयोगाचा नव्हता.

"आपली गोबरगॅसची टाकी नवी बांधली तेव्हा गॅस येईना," मी म्हणालो, "आठवतं? मग बाबांनी शेजारच्या चालू टाकीतला रबडा दोन बादल्या आणून ओतला."

"मंग?"

"तो रबडा बाबांनी आधी धुतला असता तर?"

आईने पदराने ओठ पुसले. मग म्हणाली, "मी काय गोबरगॅसची टाकी हाय व्हय रं?"

दादा आतल्या खाटेवर उपाशीपोटी पडून हे ऐकत होता. पडद्यामागून त्याचा आवाज आला, "आणि मी रिकामी टाकी. शास्त्रज्ञानं घरादाराचा उद्धार केला."

डॉक्टर शांतपणे बोलले. आईने काही आठवडे नेहमीचं घरचं जेवण जेवायचं, भाकरी, उसळी, भाज्या, आणि उपास करायचे नाहीत. तपासण्या परत होतील, मग तारीख मिळेल. आईने मान हलवली, पण घरी आल्यावर ताटावर बसेना. दादा बरा होईपर्यंत एक वेळच जेवायचं असं तिने परवाच देवापुढं बोलून ठेवलं होतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता जेवलं तर देवाला दिलेला शब्द मोडतो, न जेवलं तर दादाचं अडतं. ती भाकरीकडे बघत बसली. मी समजावायला लागलो तर म्हणाली, "तुझं ऐकलं म्हणून तर इथवर आलो."

ते मला लागलं. तिच्या मनात तसं नव्हतं, तरी लागलं.

बाबांनी आयुष्यात कधी उपास केला नव्हता. संकष्टीलासुद्धा ते सकाळीच वहिनीकडे चहाबरोबर चपाती मागतात. ते उठले, आईच्या पुढ्यातलं ताट तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "आजपास्नं एक वेळचं माझ्याकडं. मी देवाला सांगून आलोय."

"कवा गेलतात?"

"मगाशीच."

मगाशी ते गोठ्यात होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आईने भाकरी मोडली. जेवली. बाबांनी तो शब्द पाळला. संध्याकाळी चुलीपाशी नुसते येऊन बसायचे आणि वहिनीला विचारायचे, "आज काय केलं?" आणि ऐकून उठून जायचे.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट पार पडलं. मग आणखी काही वेळा तेच. दादाला एकदा ताप आला आणि मी दिवसभर हातातली कामं चुकवत राहिलो. मॅडमनी मला सरळ घरी पाठवलं. ताप साधा निघाला. त्यानंतर दादा रक्ताबद्दल बोलेनासा झाला. कमी झालं म्हणून, की वाढलं म्हणून, ते विचारायची माझी छाती होत नव्हती. वहिनी म्हणायची, "मलाही सांगत नाहीत." ठेकेदाराच्या माणसाने दोनदा फोन करून कधी येणार म्हणून विचारलं. दादा त्याला म्हणाला, "बघू." तो शब्द त्याने माझ्याकडून घेतला असावा.

प्रयोगशाळेत फ्रीजरचं दार उघडलं की नंबरांच्या रांगा दिसायच्या. माझं काम दुसऱ्या नळ्यांवर होतं, मी तेच करायचो. तरी हात थांबायचा. उत्तर माझ्यापासून हातभर अंतरावर असेल, आणि मला ते विचारता येत नव्हतं. एकदा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "पेशी शांत झालेल्या दिसल्या तरी आतडं बरं झालंच असं नसतं. ते आतड्यात दुर्बीण घालून बघितल्यावरच कळेल." त्या कुणाबद्दल बोलल्या, हे मी विचारलं नाही. त्यांनाही कदाचित माहीत नसेल.

दुर्बिणीच्या दिवशी मला सोबत यायचं होतं. दादा नको म्हणाला. "तू तोंड असं करून बसतोस की डॉक्टरच घाबरतील." बाबा त्याच्याबरोबर गेले. मी प्रयोगशाळेत गेलो, मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात ठेवला, आणि दर थोड्या वेळाने पाणी प्यायला बाहेर येत राहिलो. जेवणाच्या सुट्टीत बाबांचा कॉल येऊन गेलेला दिसला. बाबा कधीच फोन करत नाहीत. करायचा असला तर कुणाकडून तरी लावून घेतात. मी लावला तर बिझी. परत लावला, बिझी. जिन्यात बसून राहिलो. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बस निघाल्या होत्या, त्यांच्या हॉर्नमध्ये बाबांची रिंग पटकन ऐकूच आली नाही.

"आरं, तुलाच लावतोय मगाधरनं," बाबा म्हणाले. "डॉक्टर भेटलं. जखमा भरत आल्यात म्हणं. सूज हाय अजून थोडी, गोळ्या चालूच ठिवायच्यात. परत बघू म्हणलं."

"आणि ऑपरेशन?"

"न्हाई. आतडं काढायचं न्हाई म्हणत्यात. आत्ता तरी न्हाई."