पाणघोड्यांची तक्रार

शाळेच्या नाटुकल्यात मुलीला दूताचं काम मिळालं होतं. दूत हिक्सोस राजाचा. इजिप्तवर राज्य केलेलं हे परकं घराणं. त्यांचे लोक पूर्वेकडून आले, कोणी व्यापाराला, कोणी मजुरीला. नाईलच्या मुखाशी वस्ती करून राहिले आणि पुढे तिथलेच राजे झाले. इजिप्तच्या लोकांनी सांगितलेली एक गोष्ट आहे. या घराण्यातल्या एका राजाने दूर दक्षिणेतल्या राजाला निरोप धाडला, की तुमच्या तळ्यातले पाणघोडे ओरडतात, मला झोप येत नाही, त्यांना हलवा.

पाठ करता करता मुलगी थांबली. "पप्पा, इट्स सो फार! ही कुडन्ट हिअर देम. देन व्हाय?"

मेथी निवडत बसलेली बायको म्हणाली, "निमित्त पाहिजे असेल त्याला. दुसरं काय?"

ती माझ्याकडे बघून बोलली का? तिला काही माहीत नसावं. पण साध्या बोलण्यातही खोच शोधायची सवय मला लागली आहे.

इथे आखातात, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये मी एसी दुरुस्तीचा सुपरवायझर. दोनेक वर्षांपूर्वी नांदेडचा एक तरुण तिथे लागला. आमच्याच समाजाचा, पहिल्या दिवशी "जय भीम, दादा" म्हणत आला. कंपनीने त्याला जिदहफ्समध्ये माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरचं घर दिलं. काम मीच शिकवलं. मग मॅनेजर त्याला थेट फोन करू लागला. मी आत शिरलो की दोघांचं बोलणं थांबायचं. एकदा तो माझ्या खुर्चीत बसलेला दिसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याची बायको घरी ब्लाउज शिवायची. तिच्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. बिल्डिंगला ते ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी ॲडमिनला सांगितलं, "वर शिलाई मशीन चालते. शिफ्ट करून आलं की झोप लागत नाही. माझं नाव नको." मशीन त्यांच्या पुढच्या खोलीत होती, मी झोपायचो मागच्या खोलीत. एसीच्या घरघरीत मला काहीच ऐकू येत नव्हतं.

खलास. ॲडमिनची माणसं वर गेली, विनापरवाना शिलाई सापडली, त्याचं घर गेलं. बायको-मुलगा नांदेडला, तो सलमानियात चौघांच्या खोलीत. खुर्ची माझीच राहिली. त्याला ती हवी होती का, हे मी कधी विचारलं नाही. त्याने चहा आणून दिला की वाटायचं, याला कळलंय.

नाटकाच्या त्या तालमीनंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "तुझी तक्रार मी केली होती. मशीनची. मला आवाज येत नव्हता."

त्याने पाना खाली ठेवला. शिवी येईल म्हणून मी थांबलो.

"म्हणजे समोरच्या चाचांनी नाही केली?"

चाचा म्हणजे त्याच्या जुन्या दारासमोर राहणारे रत्नागिरीचे वयस्कर क्लार्क.

"सामान काढताना मी त्यांना नाही नाही ते बोललो," तो म्हणाला. "ईदला त्यांनी शिरखुर्मा पाठवला, तो परत पाठवला."

"आधी विचारायचंस तरी कोणाला."

"तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, असतील तेच."

मला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणतोय, तेही खोटं.

"शिफ्ट संपली की माझ्यासोबत यायचं," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर सांगायचं." दादा म्हणाला नाही.

संध्याकाळी आम्ही जिना चढलो. माझ्या दाराआडून मुलीचा निरोप पाठ करणारा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आम्ही थांबलो नाही. वर जाऊन त्याने चाचांची बेल वाजवली आणि बाजूला होऊन मला पुढे केलं. आतून चपलांचा आवाज जवळ आला. कडी निघाली.