नऊच्या आत नाला पार

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची पलटण लडाखमध्ये वर गेली. मी शिपाई, ट्रेड कुक. शाळा नववीत सुटली, त्यामुळे रायफलीपेक्षा झारा जास्त हातात आला. बेस कॅम्प एका गावाला लागून होता. तीसेक घरं. बेसपासून वरची पोस्ट पाच-सहा तासांची चाल. मधे एक नाला.

नाल्याचा नियम एकच. नऊच्या आत पार करायचा. दहाला वरच्या उतारावर ऊन येतं आणि तिथला बर्फ सुटतो. दुपारी दोनला उतार पुन्हा सावलीत जातो आणि बर्फ धरतो, तेव्हा परतायचं. म्हणून पोस्टला रसद नेणारी लिंक पार्टी पहाटे पाचला निघायची. साडेतीनला मी स्टोव्ह पेटवायचो, साडेचारला चहा-पुरी, पावणेपाचला फॉल-इन. तीन महिन्यांत पार्टी एकदाही लेट झाली नव्हती. नंतर एकदा झाली, ती माझ्यामुळे.

इथली, दुबईच्या अल मनखूलची आपली मराठी मंडळी दर हिवाळ्यात अंक काढतात. त्यांनी मला 'बर्फातला थरार' लिहून मागितला. तोंडी मी तो पुष्कळदा सांगितलाय. त्यात हिमस्खलन होतं, शोध होतो, जवान शूर असतात. केक नसतो. या वेळी केकसकट लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आता मी दुबईत एका इनडोअर स्नो हॉलच्या गेटवर सुपरवायझर आहे. आत उणे दोन, बाहेर चोवीस. नववी नापास माणसाला या देशाने काम दिलं, खोली दिली, मुलीचं नर्सिंग झालं. मी उपकार विसरत नाही. व्हिसाची तारीख महिन्यातून चार वेळा बघतो, तो भाग वेगळा. पण डिसेंबर आला की मला शिसारी येते. हॉलमध्ये लाकडी घरांचं खोटं गाव उभं राहतं, प्लास्टिकची झाडं लागतात, आणि मॅनेजर एसीच्या डक्टमधून व्हॅनिलाचा वास सोडायला लावतो. लोकांना म्हणे डोंगरातल्या सणाचा फील येतो. मला आधी किचनमध्ये घेणार होते. मीच गेट मागून घेतलं.

डोंगरातल्या गावात हिवाळा कसा असतो ते सांगतो. जनावरं खालच्या मजल्यावर, माणसं वर, एकाच चुलीभोवती. सुकवलेले सलगम, सातूचं पीठ, मिठाचा चहा. वासच म्हणाल तर शेणाचा, धुराचा आणि लोण्याचा. चार महिने रस्ता बंद. त्या काळात गावाचं काम म्हणजे आमचं ओझं वाहणं. आमचे पोर्टर तिथलेच.

त्यातला नामग्याल माझा दोस्त. चाळिशीचा, बुटका, पाय मांजराचे. गावातला कोणीही त्याच्याआधी नाल्यात पाय टाकत नसे. मी त्याला आचो म्हणायचो, म्हणजे त्यांच्याकडे दादा. तो मला उस्ताद-ले म्हणायचा. 'ले' म्हणजे आपलं 'जी'. मान तेवढ्यापुरताच.

"उस्ताद-ले, ये रोटी है कि नक्शा?"

"नक्शा है. खाके देख, तेरा गाँव इसमें मिलेगा."

"मिल गया. जला हुआ है."

डिसेंबरात त्यांचं नवं वर्ष येतं, लोसर. तारीख दर साली हलते. त्या साली लोसरची आदली संध्याकाळ आणि बड्या दिनाची, म्हणजे नाताळची, आदली संध्याकाळ एकाच दिवशी आली. लोसरला ते कणकेचे रानबोकड करतात, मागे वळलेल्या शिंगांचे, आणि घरात मांडतात. नामग्यालने एक माझ्या लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, बसून केला आणि मलाही शिकवला. माझा शेळीसारखा झाला. तो हसून ओट्यावरून पडायचा बाकी होता.

तेव्हाच त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांना ताट नेऊन ठेवतं. त्याचा बाप त्या उन्हाळ्यात गेला होता.

"पहला साल है. मुझे ही ले जाना है. सूरज डूबने से पहले वापस चाहिए, उस्ताद-ले."

"पाचला निघाल तर चारला परत. लंगरचं घड्याळ माझ्याकडे आहे," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, पण त्याला समजलं.

त्याच आठवड्यात एक मोठे अधिकारी हेलिकॉप्टरने पोस्टवर गेले, जवानांबरोबर बडा दिन साजरा करायला. सुभेदार साहेबांची ऑर्डर आली, केक वर गेला पाहिजे. ओव्हन नव्हता. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला वाळू घालायची, वर डबा ठेवायचा. अंड्याची पावडर, मैदा, व्हॅनिला. बेकिंग पावडर मी सपाटीवर घालायचो तेवढीच घातली. वर हवा पातळ असते, केक भरभर फुगतो आणि मधे बसतो. हे मला नंतर कळलं.

चार वीसला झाकण उघडलं. केक ताटलीसारखा बसला होता.

पार्टी कमांडर शिंदे हवालदार चहाला आत आले.

"काय रे पाटील, काढलास का?"

"बसला हवालदार. दुसरा लावतो."

"चव आहे ना?"

"चव आहे. पण साहेबांपुढं असला कसा ठेवायचा?"

"किती वेळ?"

"एक तास."

नामग्याल दारातच उभा होता. पाठीला दोर बांधून तयार. त्याने बसलेल्या केकचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "बैठा हुआ भी मीठा है. चलो ना."

मी त्याच्या हातावर झारा मारला. गमतीने. त्याला मी शेवटचा हात लावला तो असा.

शिंद्यांनी सुभेदार साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, केक घेऊनच निघा. त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं झोपलो. ऑर्डर साहेबांची होती, मी काय करणार? पण साहेबांना 'एक तास' कोणी सांगितलं? लंगरचं घड्याळ कोणाकडे होतं?

स्टोव्हला जोर नव्हता. दुसरा केक सहा पन्नासला निघाला. उभा होता, सोनेरी. मला इतका अभिमान वाटला की मी त्यावर साखरेच्या पाकाने 'वेलकम सर' लिहायला घेतलं. स्पेलिंग क्लार्ककडून कागदावर आणलं. त्यात पंचवीस मिनिटं गेली, पाक वाळून डबा बांधण्यात आणखी तितकीच. बाहेर चार माणसं पाय आपटत उभी होती. शिंदे, दोन जवान आणि नामग्याल.

केकचा डबा नामग्यालने घेतला. "इन लड़कों के पास नाचेगा," म्हणाला. निघताना त्याने वर उताराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. सात चाळीस.

दहा वीसला वायरलेस सेट बोलला.

"बेस, लिंक. नाले पर पहुँचे. धूप लग गई है. ओव्हर."

"लिंक, बेस. एक-एक करके क्रॉस करो. गॅप रखो. ओव्हर."

"रॉजर."

मी सेटपाशी कांदा चिरत होतो. दुपारच्या भाजीचा. दहा एकेचाळीसला पुन्हा शिंदे. आवाज वेगळा होता.

"बेस, बेस. तीन आदमी पार. पोर्टर नीचे गया. पूरा ढलान आया है. आदमी भेजो. ओव्हर."

अकराला रेस्क्यू पार्टी निघाली. मी सुरी टाकून मागे लागलो, कोणी अडवलं नाही. आमच्या आधी गाव निघालं होतं. सणाचे कपडे अंगावर, हातात फावडी. बायकासुद्धा. आम्ही रांगेत उभं राहून लोखंडी सळया बर्फात खुपसत गेलो. एक पाऊल, सळई, एक पाऊल, सळई.

तीनला डबा सापडला. पत्र्याला एक पोचा. झाकण घट्ट.

चार दहाला नामग्याल सापडला. दीड मीटर खाली, एक हात तोंडासमोर. मेडिकल असिस्टंटने नाडी पाहिली आणि मान हलवली.

सूर्य साडेचारच्या सुमाराला कड्यामागे गेला. तेवढ्यात गाव खाली पोचणं शक्य नव्हतं. बापाचं ताट अंधार पडल्यावर गेलं, नामग्यालच्या बायकोने नेलं. ताटं दोन होती. मी दारात उभा राहिलो तर तिने मला मिठाचा चहा दिला, कारण सण होता आणि मी दारात होतो.

आता किळस का येते ते लिहितो. डबा दुसऱ्या दिवशी पाचच्या पार्टीने वर गेला. नऊच्या आत नाला पार झाला. केक कापला गेला, फोटो निघाला. 'वेलकम सर' नीट वाचता येत होतं. अधिकाऱ्यांना काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. त्यांनी कुकसाठी रमची बाटली पाठवली, बरोबर चिठ्ठी, 'वेल डन'. मी ती बाटली प्यालो. तीन दिवसांत. हेही लिहितो.

बेसच्या दगडी भिंतीवर त्या सीझनला गेलेल्यांची नावं आहेत. नामग्यालचं नाही. पोर्टर पलटणीच्या नफरीत, म्हणजे माणसांच्या मोजणीत, धरत नाहीत. शिंदे हवालदारांनी एकदा विचारून पाहिलं, उत्तर आलं नाही.

परवा गेटवर एका मराठी बाईने मला ओळखलं, मंडळाच्या कार्यक्रमात पाहिलं होतं. तिने मुलीला सांगितलं, हे काका खऱ्या बर्फात होते. मुलगी सात-आठ वर्षांची.

"अंकल, वॉज इट फन?"

"हातमोजे घाल बाळा," मी म्हणालो. "आणि अकराच्या स्लॉटला अकरालाच आत जायचं."

"शी इज ऑलवेज लेट," आईकडे बोट दाखवून ती म्हणाली. आई हसली. मी गेट उघडलं, दोनदा तपासलं.

शिंदे आता गावी असतात. दर डिसेंबरला ते त्या गावात फोन करून लोसरची तारीख विचारतात आणि मला व्हॉट्सॲप करतात. दुसरं काही लिहीत नाहीत. मीही 'ओके' एवढंच लिहितो.

यंदा ती तारीख माझ्या ड्युटीवर आली. अल क्वोजमधल्या माझ्या खोलीवरून मी डबा नेला. भात, मटण, आणि कणकेचा एक रानबोकड. अजूनही शेळीच होते. चारच्या सुमाराला स्टाफ पँट्रीत ताट वाढलं आणि खिडकीशी ठेवलं. तिथून हॉलमधला उतार दिसतो.

दाऊदभाई चहाला आले. रत्नागिरीचे, आत भाड्याचे बूट-हातमोजे देतात. ताटाकडे पाहून थांबले.

"अरे पाटील, हे कोणाचं वाढून ठेवलंस?"

"आहे एक माणूस."

"शिफ्ट सुटली नाय काय त्याची? जेवण थंड होतंय. बोलव की, यल्ला."

"लेट आहे तो."

"असा कसा लेट?"

"पाचला निघायला तयार होता," मी म्हणालो. "मी थांबवून ठेवला."

दाऊदभाई आपला कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. ताट तिथेच राहू दिलं.