लांब लांब बसा

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. सोलापुरात नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्यावर नवरा बसतो, पण माणसं ओळखायचं काम माझ्याकडे. गिऱ्हाईक विचारतं, "रंग जाईल का हो?" मी म्हणते, "नाही जाणार." त्या वेळी आम्ही दोघीही एकमेकींवर संशय घेत असतो आणि तरीही व्यवहार होतो. कुणी विक्रेता नवा नमुना घेऊन आला की मी त्याच्यासमोरच बोट ओलं करून कापडावर घासते. त्याला राग येतो. येऊ दे.

त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीने फोनवर सांगितलं की एका मुलाची तुम्हा दोघांशी ओळख करून द्यायची आहे, तेव्हा माझे कान टवकारले. मुलगा मंगळवेढ्याचा, पुण्यात तिच्याच ऑफिसात. मी म्हटलं, मग घरी घेऊन ये की. तर नाही. त्याचं म्हणणं, आपण चौघं मिळून पुण्याकडचा एखादा गड चढू या, चालता चालता मोकळं बोलणं होतं. हे मला तिथेच खटकलं. ज्याला समोरासमोर बसायचं नसतं तो माणूस चालायला बोलावतो. चालताना माणसाचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. शिवाय मंगळवेढा म्हणजे नजर जाईल तिथवर सपाट काळं रान. तिथल्या पोराला डोंगराचं वेड लागलं कुठून?

नवऱ्याला असलं काही खटकत नाही. "अगं, हवापालट होईल," एवढंच म्हणाला. मे महिना होता, सोलापूर तव्यासारखं तापलं होतं, तेव्हा हवापालट मलाही हवाच होता. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दुकानातल्या दोन चादरी मी पिशवीत भरल्या. नवऱ्याने त्याची लांब दांड्याची छत्री घेतली. गडाच्या माथ्यावर देवीचं देऊळ आहे हे लेकीकडून काढून घेतलं होतं, म्हणून तिच्या ओटीसाठी एक हिरवा खण, नारळ आणि तांदूळ वेगळ्या पिशवीत ठेवले. सोयरिकीचं बोलणं निघायचं असेल तर आधी देवीच्या कानावर जाऊ दे, असा माझा हिशेब. ही पिशवी मी कुणाला दाखवली नाही.

मुलगा किडकिडीत, चष्म्याचा, वागायला नीटनेटका. पण त्याचं बोलणं ऐकलं आणि मी सावध झाले. अगदी पुणेरी, शुद्ध, एकेक शब्द इस्त्री केलेला. मंगळवेढ्यात वाढलेला मुलगा एकदाही 'लई' म्हणत नाही, 'व्हय' म्हणत नाही, हे कसं? ज्याने स्वतःची बोली लपवली, त्याने आणखी काय काय लपवलं असेल? आम्हाला त्याने उजाडायच्या आत चढायला लावलं. दुपारच्या आत खाली उतरायचंच, म्हणाला. एवढी कसली घाई? पायथ्याच्या गावात एका म्हाताऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. मी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने जवळ गेले, तर त्यांचं बोलणं संपलेलं. आणि मी त्याच्या घरच्यांबद्दल विचारत होते तेव्हा हा माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत होता. जो माणूस उत्तर देताना वर बघतो, तो उत्तर तयार करत असतो, हा माझा दुकानातला अनुभव आहे.

नवऱ्याचे गुडघे कुरकुरायला लागले. तो दर वळणावर बसायचा, त्यामुळे आम्ही रेंगाळलो. माथा जवळ आला, देवळावरचं निशाण दिसायला लागलं, तेव्हा दुपार झाली होती आणि पलीकडच्या बाजूने ढग वर चढत होते.

इथे एक सांगायला हवं. सोलापूरच्या माणसाचा ढगांवर विश्वास नसतो. आमच्याकडे दुपारी काळंकुट्ट होतं, वारा सुटतो, दुकानाबाहेर टांगलेल्या साड्या आम्ही धावत आत घेतो, धूळ डोळ्यांत जाते, चार टपोरे थेंब पडतात आणि सगळा लवाजमा पुढच्या जिल्ह्यात निघून जातो. इतक्या वेळा फसल्यावर माणूस ढगाकडे उधार मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखं बघायला लागतो. त्या दिवशी नवऱ्याने आणि मी त्या ढगांकडे तसंच बघितलं.

लांब कुठेतरी वीज लकाकली. त्या मुलाचे ओठ हलायला लागले. मी लेकीला हळूच विचारलं, "हा काय पुटपुटतोय? मंत्र म्हणतो की काय?"

"मोजतोय गं आई. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत. अंतर कमी होत गेलं तर ती जवळ येतेय."

पुन्हा लकाकलं, पुन्हा त्याने मोजलं आणि थांबला. म्हणाला, "काका, काकू, आता इथून मागे फिरायचं. डोंगराच्या या उघड्या धारेवर थांबण्यात अर्थ नाही."

"अरे, असले ढग आमच्याकडं रोज येतात की," नवरा हसला. "येतात अन् जातात."

"इथले जात नाहीत, काका."

मी ओटीची पिशवी बाहेर काढली. देऊळ डोळ्यांसमोर असताना ओटी न भरता मागे फिरायचं, तेही लेकीच्या लग्नाचं बोलणं व्हायच्या आधी, हे मला पटणारं नव्हतं. तसं मी बोलले. तो म्हणाला, "काकू, पायथ्याच्या गावात देवीचं ठाणं आहे, तिथं भरू. मी सकाळी विचारून ठेवलंय." म्हणजे म्हाताऱ्याला हे विचारत होता. म्हणजे माघारी फिरायचं हे याचं सकाळपासूनच ठरलं होतं! देवीपुढे जायला हा का कचरतो आहे, हा विचार माझ्या डोक्यात घट्ट बसला, आणि माझ्या चेहऱ्यावर तो लेकीला वाचता आला असणार. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि "आले भरून" म्हणत वर पळत सुटली.

ती वाट म्हणजे नुसता उघडा खडक होता, दोन्हीकडे उतार, मध्ये झुडूपसुद्धा नाही. पिवळ्या ओढणीतली माझी पोर त्या उघड्यावर एकटी पळत होती. तेवढ्यात सगळं पांढरं झालं आणि आवाज त्याच्या मागोमाग नाही, त्याच्यासकट आला. मोजायला काही उरलंच नाही. मुलाने पाठीवरची सॅक टाकली आणि तिच्या मागे धावला. हा आम्हाला इथे सोडून पळाला, असं मला आधी वाटलं. मग तोही विचार गेला आणि डोळ्यांपुढे नुसती ती पिवळी ओढणी उरली.

देवळाच्या अलीकडेच त्याने तिला मनगटाला धरलं, ओटीच्या पिशवीसकट खेचत आणलं आणि थांबू न देता आम्हाला धारेवरून बाजूच्या उतारावर घेतलं. गारा सुरू झाल्या. थोडं खाली एकटंच एक झाड होतं. आमच्या भागात उन्हाळाभर माणूस झाड शोधत फिरतो, पाय आपोआप तिकडे वळतात. नवरा छत्री उघडून थेट त्या झाडाकडे निघाला. आणि मागून जो ओरडा आला तो मी आधी ओळखलाच नाही.

"काका, तितं न्हाय! झाडाखाली न्हाय जायाचं! टाका ती छत्री, टाका म्हंतोय न्हवं!"

इस्त्रीचे शब्द कुठल्या कुठे गेले होते. नवऱ्याने छत्री टाकली. त्याच्या अंगावर असं ओरडायची आमच्या पेठेत कुणाची छाती नाही. त्याने ती मुकाट्याने टाकली आणि परत आला.

उतारावर एक खोलगट जागा होती. मी चादर काढून लेकीला आणि मला गुंडाळायला लागले, तर त्याने ती माझ्या हातातून हिसकावली आणि दुसरीसकट खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली. "आत्ता भिजली तर मागनं काय पांघरनार?" मग म्हणाला, "लांब लांब बसा. उकिडवं, पाय जुळवून. आडवं व्हायचं न्हाय. एकमेकास्नी शिवायचं न्हाय."

मी लेकीचा हात घट्ट धरला होता. त्याने वाकून माझी बोटं एकेक करून सोडवली. तिला एकीकडे बसवलं, मला दुसरीकडे, नवऱ्याला आणखी पलीकडे. आता सांगते, त्या क्षणी मला विजेपेक्षा त्याचा जास्त राग आला. हा मुलगा आमची लेक आमच्यापासून तोडणार, हीच तर माझी शंका होती, आणि हा ते माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने करत होता.

म्हणून मी त्याच्यावरची नजर हलवली नाही. त्या खोलगटात आम्ही तिघंच मावलो होतो. तो वरच्या काठावर बसला, उघड्या धारेच्या बाजूला, जिथे आडोसा संपत होता. मान गुडघ्यांत घालायचा, मधेच वर काढायचा आणि आम्हा तिघांकडे पाळीपाळीने बघून घ्यायचा.

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. लेक समोर होती, कानांवर हात, पाठीवर गारा आपटत होत्या, आणि मला तिच्याजवळ जायची मुभा नव्हती. एकदा तर डोळे मिटलेले असतानाही उजेड दिसला, जमीन हादरली, कान बधिर झाले. मी लेकीला मारलेली हाक माझी मलाच ऐकू आली नाही. गारांच्या पडद्याआड तिने हात वर केला. मग नवऱ्याने केला. मी काठाकडे बघितलं, आणि तिथलाही हात वर येईपर्यंत मी श्वास धरून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

पाऊस थांबल्यावरही त्याने आम्हाला लगेच उठू दिलं नाही. गडगडाट लांब जाऊन पार विरेपर्यंत बसवलं. मग पिशवीतून चादरी काढल्या. अंगावर कोरडी चादर आली तेव्हा लेकीचे दात वाजायचे थांबले.

खाली गावात चहा घेताना मी सरळ विचारलं, "आमचे हात का सोडवलेस?"

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "माजी चुलती आन आत्या रानात व्हत्या. वळीव आला म्हनून बाभळीखाली गेल्या. भ्यालेल्या, एकमेकीला धरून बसल्या. लांब बसल्या असत्या तर एकीला ईज लागली तरी दुसरी हाका मारायला, छाती दाबायला उरली असती. आमाला सांजच्याला कळलं." मग पुन्हा पुणेरीत आला. "पुण्यात डोंगरात जाणाऱ्या लोकांकडून हे सगळं शिकलो, काकू. आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

लेकीचे डोळे भरले. माझे नाही. गोष्ट कुणालाही सांगता येते. सोलापूरला परतल्यावर मंगळवेढ्याची एक बाई लुगडी घ्यायला आली, तिला मी साडीची घडी मोडता मोडता त्या दोघींबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "व्हय की. दोगीबी गेल्या. लई वंगाळ झालं बगा." मग मी तो विषय मिटवला. एक गोष्ट मात्र मनात राहिली, आणि तिची खात्री करून देईल असं कुणी नव्हतं. तो वरच का बसला?

पावसाळ्यानंतर त्याचे आईवडील त्याला घेऊन आमच्या घरी आले. पायथ्याच्या ठाण्यात मी नारळ आणि तांदूळ वाहिले होते, पण खण चिंब भिजला होता, तसा देवीला कसा द्यायचा म्हणून परत आणला. धुऊन, वाळवून ठेवला होता. त्याच खणाने मी त्याच्या आईची ओटी भरली. तिने खण हातात घेतला आणि हळूच बोट ओलं करून त्यावर घासलं. बाई मला आवडली.

जेवायला बसल्यावर लेक त्याला चिडवायला लागली. "आम्हाला चिखलात बसवलं आणि स्वतः मात्र वर काठावर राजासारखा! सांग ना, तू खाली का नाही बसलास?"

त्याने मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाला, "वर कोरडं होतं."

सगळे हसले. त्या दिवशी त्या डोंगरावर पिशवीतल्या चादरी सोडल्या तर काहीही कोरडं नव्हतं. तो माझ्याच घरात, माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि खोटं पकडल्यावर मी आजवर कुणाला सोडलेलं नाही. मी उठले आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तो म्हणाला, "नको काकू, पोट भरलं." त्यावरही मी विश्वास ठेवला नाही.