दोनदा पाहिलेला बगीचा

आमच्या यांचा संत्र्यांचा व्यापार. फळ झाडावर असतानाच बगीचा विकत घ्यायचा. त्यासाठी आधी आतून एक चक्कर मारायची अन् किती फळ निघेल ते नुसत्या नजरेनं सांगायचं. आकडा चुकला तर वर्षभराचं घर बसलं म्हणून समजा. पण पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत यांची नजर कधी चुकली नाही हो.

मग चालताना अडखळायला लागले. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. माझा भाऊ मुंबईला. तिथं एमआरआयचं यंत्र नवीनच आलं होतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा. त्यानं बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर यांच्या मेंदूचे काप दाखवले, काकडीच्या चकत्या मांडाव्या तसे. प्रत्येक कापातला पांढरा भाग कॉम्प्युटर वेगळा काढे अन् सगळ्यांची बेरीज करी.

"ताई, या आतल्या तारा समजा. इकडचा निरोप तिकडे नेतात. वयाच्या मानानं फार कमी भरल्या."

हे हसले. "तुमचाबी अंदाजच न, साहेब?"

"अंदाजच. म्हणून दोनदा मोजतो. दोन्ही वेळा तेवढंच आलं, तरच मानतो."

यांचं हसू गेलं.

गावी परतल्यावर बोरगावचा बगीचा पाहायला निघाले, तर मीही निघाले.

"तू काहून? संत्री मोजाले?"

"तुम्हाले पाहाले," मी म्हटलं.

चक्कर मारून आले अन् म्हणाले, "ऐंशी हजार फळ." बगीच्याच्या मालकाचं तोंड उतरलं. चहा झाला. मग हे आपणच उठले. "थांब बापू, अजून एक डाव पाहून येतो."

दुसऱ्यांदा आत जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. झाडं गच्च, दिसत काही नव्हतं. वाळल्या पाल्यावर त्यांच्या चपला वाजत, मध्येच थांबत, बराच वेळ थांबत.

बाहेर आले. "सव्वा लाख."

मालकानं झडप घालून त्यांचा हात धरला. "मी म्हणतच होतो, काकाजी! पक्कं न? काकू, आता तोंड गोड करा!"

हात त्याच्या हातात तसाच. माझ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "मघाशी मी किती म्हणलो व?"

"ऐंशी," मी सांगितलं.

त्यांनी हात सोडवून घेतला. "राहू दे, बापू. दुसरा कोणी पाहून घे."

"मजाक करून राहिले का, काकाजी?"

हे फाटकाबाहेर पडले. बसचा रस्ता उजवीकडं होता. हे डावीकडं चालू लागले.