ऑटोमॅटिकवर केलेली टिक

“तिला माझं ऐकू जातंय, मला तिचं काही येत नाही,” करंदीकर बाई हेडफोन काढत म्हणाल्या. तिकडे अमेरिकेत त्यांची मुलगी ‘आई, आई’ करत असणार. इकडे डोंबिवलीत मी घाम पुसत बसलो होतो.

साल नव्याण्णव. मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर फर्ममध्ये सर्व्हिस इंजिनिअर होतो. करंदीकरांकडे दोन पीसी. हॉलमधल्या पीसीला मोडेम, त्यावर बाईंचे यजमान, म्हणजे काका, बातम्या वाचायचे. आतल्या खोलीतल्या नव्या पीसीवर बाईंचं डीटीपी, म्हणजे पुस्तकं-पत्रिकांची जुळणी चालायची. एकाच कनेक्शनवर दोघांचं भागावं म्हणून आमच्या साहेबांनी त्यांना एक सॉफ्टवेअर विकलं होतं. तेव्हा घरात राउटर नसायचा. हॉलमधला पीसीच ते काम करायचा.

हा पीसी म्हणजे सोसायटीचा वॉचमन. आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, पण बाहेरून आलेल्याने फ्लॅट नंबर सांगितला नाही तर त्याला गेटवरूनच परत पाठवतो. मुलीचा आवाज असा रोज गेटवरून परत जात होता. अमुक नंबरच्या दारावर आलेलं सगळं आतल्या पीसीकडे पाठव, असं वॉचमनला लिहून द्यायचं, याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पण बाईंचं बोलायचं सॉफ्टवेअर दर वेळी नवा नंबर घ्यायचं. लिहून देणार कुठला?

सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ असा एक चौकोन होता. तिथे टिक केली की आतला कुठलाही प्रोग्रॅम मागेल ते दार आपोआप उघडायचं. कोण मागतंय, कशाला मागतंय, काही चौकशी नाही. फोनची लाइन एकच, म्हणून मी इंटरनेट बंद करून साहेबांना फोन लावला.

“सर, ऑटोमॅटिक नको. नंबर न बदलणारं दुसरं सॉफ्टवेअर आहे, उद्या घेऊन येतो.”

“अरे, उद्या तू कल्याणला आहेस. टिक कर आणि नीघ. बाई काय घरात बॉम्ब बनवतायत?”

मी टिक केली. बाईंना मुलीचा आवाज आला, मागे नातीचं रडणंसुद्धा. त्यांनी खूश होऊन मला पोह्यांची दुसरी डिश दिली आणि मीही ती निर्लज्जासारखी खाल्ली.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. “सगळं गेलं रे.”

आतल्या पीसीची डिस्क कोरी होती. कुठल्याशा गिऱ्हाइकाने पणत्या लुकलुकणारं दिवाळीचं ग्रीटिंग फ्लॉपीवर आणून दिलं होतं. ती फ्लॉपी मी तपासली, तर त्यात एक चोर प्रोग्रॅम लपलेला. त्याने आतून दार मागितलं, ते मिळालं, आणि बाहेरून कोणीतरी येऊन डिस्क पुसून गेला. कोण, ते कधीच कळलं नाही.

“फ्लॉपीवर कॉपी असेल ना?”

“त्या पुसून लग्नपत्रिका टाकल्या रे.”

गेलं होतं बाईंकडे जुळणीला आलेलं म्हात्रे गुरुजींचं पुस्तक. गुरुजी ठाकुर्लीकडचे आगरी, निवृत्त शिक्षक. त्यांची आई धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. तिच्या तोंडची गाणी गुरुजींनी कित्येक वर्षं बसून उतरवून घेतली होती. आई आदल्या वर्षी वारली होती.

“मग हाताने लिहिलेले कागद?” मी विचारलं. बाई रडायलाच लागल्या. काम झालेले कागद टाकायचे नाहीत, पाठकोऱ्या वह्या शिवून बिल्डिंगमधल्या मुलांना द्यायच्या, ही त्यांची सवय. गुरुजीही म्हणाले होते, पुस्तक छापून येतंय, आता कागद कशाला?

आम्ही दोघं दारोदार फिरलो. काही वह्या रद्दीत गेल्या होत्या. मिळाल्या त्यांत एका पानावर हळदीचा धवला, पाठीमागे भागाकार. दुसऱ्या पानाला कंपासची भोकं. निम्मी गाणीसुद्धा हाती लागली नाहीत.

गुरुजी आले. मी पोर्ट, प्रोग्रॅम वगैरे सांगायला लागलो. ते वह्या चाळत राहिले. मग म्हणाले, “माजी आय दोनदा मेली, सायेब.” मला साहेब म्हणाले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी जॉबकार्डवर लिहिलं, ‘सेटिंग इंजिनिअरने स्वतःच्या मर्जीने केले.’ मी खूप भांडलो. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. पण माउसवर बोट माझंच होतं, आणि धोका त्या घरात फक्त मला माहीत होता.

राहिलेल्या गाण्यांचं बारकं पुस्तक पुढे निघालं. गुरुजींनी आभारात बिल्डिंगमधल्या मुलांची नावं घातली. माझं नव्हतं, ते बरोबरच होतं.

त्यानंतर कुठल्याही घरी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी मी एकच विचारतो, मूळ कागद कुठे आहेत? लोक हसतात. मी ते बघितल्याशिवाय खुर्चीत बसत नाही.