सेक्टर तेराचं शेवटचं दार

काही किस्से आपण मुद्दाम जपत नाही. कोथिंबिरीच्या जुडीचे रबरबँड कसे एकेक करून खणात पडत जातात आणि एक दिवस मूठभर निघतात, तसं आमच्या रविवारच्या मंडळाचं झालंय. आम्ही चौघंजण दर रविवारी दुपारी साडेतीनला पाताळात जातो आणि सहाच्या ठोक्याला परत येतो. कुलकर्णी साहेबांना नंतर भाजी आणायची असते.

पाताळ म्हणजे खेळातलं हं! टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, "समोर राक्षस आलाय, काय करणार?" असं विचारतो. आपण सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं तर जमलं, नाहीतर राक्षसाच्या पोटात!

तो फासा आणायला मी सेक्टर सतराला गेले होते. दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, लूडो में छह से ऊपर नहीं जाता." पन्नाशीची, नोकरदार मराठी माणसं चंदीगडमध्ये बसून हे करतात म्हटल्यावर साताऱ्याची माझी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, तिकडे भिशी नसते का?"

*

हे सगळं सुरू झालं आपटे सरांमुळे.

सर मोहालीच्या नॉलेज सिटीत फिजिक्स शिकवायचे. माणूस इतका बोलका, की दारात आलेल्याला आधी चहा विचारणार आणि मग "कोण आपण?" विचारणार. मीटर बघायला आलेला, कुरियरवाला, कुणीही असो. एकदा एक सरदारजी "आपकी गाडी ने रास्ता रोका है" म्हणून तावातावाने भांडायला आले होते. ते चहा पिऊन, वर लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊन गेले.

अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, ओठांवर मात्र काही येईना. एकच शब्द उरला, "पक्का." इकडे 'हो, नक्की' म्हणायला सगळे वापरतात तो. जेवलात का? पक्का. दुखतंय का? पक्का. जन्मभर पुण्याचं मराठी बोललेला माणूस, आणि मेंदूने शिल्लक ठेवला तो शब्द चंदीगडचा!

स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, "घरी चार माणसं जमवा, त्यांना बोलायची गरज पडेल असं काहीतरी करा. शब्द येतील. फक्त त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका."

दुसऱ्याचं वाक्य पूर्ण न करणारा मराठी माणूस तुम्ही पाहिलाय? मी तरी नाही.

तर सरांची मुलगी रेवा, वय वर्षं सतरा, तिने हा खेळ घरात आणला. पोरगी इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी शाळेत शिकवते आणि पूर्वी ती माझ्याच वर्गात होती, म्हणून मला हुकूम सोडायचा तिला जरा जास्तच आनंद होतो. तिने पहिल्याच दिवशी नियम केला, "जो बाबा का वाक्य पूरा करेगा, उसका कॅरेक्टर मर जाएगा."

सर म्हणाले, "म... म..."

"मारतो!" डॉक्टर गोखले ओरडले, आणि मेले.

त्या एका दुपारी गोखले तीनदा मेले, कुलकर्णी साहेब दोनदा आणि मी एकदाच. मी तर ओरडलेसुद्धा नव्हते हो, नुसतं हळूच "मदत?" म्हटलं होतं!

*

आमच्या राक्षसलोकाचं नाव आहे सेक्टर तेरा.

त्याचं असं आहे, या शहराच्या नकाशात कित्येक वर्षं बारानंतर थेट चौदा यायचं. तेरा नंबरच नव्हता. आता अलीकडे एका भागाला दिलाय म्हणे. पण रेवा लहान असताना तिने बाबांना विचारलं होतं, "तेरा किधर गया?" आणि सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "खाली आहे." पोरीने ते दहा वर्षं मनात धरून ठेवलं.

मग काय! तिने आलेखाच्या कागदावर पाताळ आखलं. निखाऱ्यांचे रस्ते, पण सरळ रेषेत. रक्ताच्या नद्या, पण दोन्ही बाजूंना झाडं. प्रत्येक चौकात गोल चक्कर आणि चक्करवर एक राक्षस. कुलकर्णी साहेब नकाशा बघून म्हणाले, "काहीही म्हणा, प्लॅनिंग उत्तम आहे. आमच्या नांदेडपेक्षा बरं."

*

कुलकर्णी साहेब केंद्र सरकारच्या एका ऑफिसात आहेत, दर तीन-चार वर्षांनी बदली. खेळात ते महाबली योद्धा आहेत. हातात दुधारी परशू! पण वर्षभरात त्यांनी तो एकदाही उचललेला नाही.

पहिल्या चक्करवर आग ओकणारा राक्षस उभा. रेवा म्हणाली, "अंकल, अटॅक?"

"छे छे. आधी अर्ज देतो."

आणि खरंच खिशातून पेन काढून कागदावर लिहायला लागले! 'विषय : पुढील चौकात जाण्यास परवानगी मिळणेबाबत.' रेवाने कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि राक्षसाच्या आवाजात म्हणाली, "साहब सीट पर नहीं हैं. लंच के बाद आना."

साहेबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "चला," ते म्हणाले, "बरोबर जागी आलोय."

*

डॉक्टर गोखले भूलतज्ज्ञ. ते जादूगार आहेत आणि त्यांना मंत्र येतो एकच, समोरच्याला गाढ झोपवायचा. मंत्र जबरदस्त आहे. तीन डोक्यांचा राक्षस समोर होता, फासा पडला विसावर, म्हणजे हमखास यश. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

तेवढ्यात डॉक्टरांनी राक्षसाला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?"

रेवा गोंधळली. "हां... सुबह दो मुसाफिर खाए थे."

"मग आज भूल नाही देता येणार," डॉक्टर म्हणाले. "उद्या उपाशीपोटी या."

आम्ही डोक्याला हात लावला. "अहो डॉक्टर, राक्षस आहे तो!" मी ओरडले. तर म्हणतात, "असेल. पण उलटी श्वासनलिकेत गेली तर जबाबदार कोण?" त्या राक्षसाने आम्हाला चार चौक पळवलं, आणि मजा म्हणजे दुसऱ्या रविवारी तो खरंच उपाशीपोटी हजर होता.

*

आता स्वतःचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते.

मी चोर आहे. जन्मभर शाळेत कॉप्या पकडल्या, म्हटलं आता दुसरी बाजू बघू. चाळीस छोट्या सैतानांची टोळी झोपली होती, तिच्यातून चोरपावलांनी किल्ली आणायची होती. फासा छान पडला. मी मध्यभागी पोचले आणि दोन सैतान आपसात कुजबुजले. झालं! माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण बोलतंय तिकडे?"

चाळीसच्या चाळीस जागे झाले. रेवा म्हणाली, "सब खडे हो गए हैं, आंटी. गुड आफ्टरनून बोल रहे हैं."

*

सरांचं पात्र म्हणजे एक ऋषी. नकाशावर सोंगटी म्हणून माझं बटण असतं, डॉक्टरांचं इंजेक्शनच्या बाटलीचं झाकण, साहेबांची टाचणी आणि सरांचा बुद्धिबळातला उंट. सुरुवातीला त्या 'पक्का'ने आमची भलतीच फजिती केली. "सर, डावीकडे जायचं?" पक्का. "की उजवीकडे?" पक्का. मग सर स्वतःच उंट हलवून दाखवायचे आणि हसायचे. हळूहळू "नको" आलं. "थांब" आलं. एकदा फासा वाईट पडल्यावर "च्यायला" आलं, तेव्हा सरांची बायको, आमच्या नीलिमा वहिनी, स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी चक्क देवापुढे साखर ठेवली!

पण एक दुपार फार वाईट गेली.

आम्ही शेवटच्या दाराशी पोचलो होतो. तिथे काजळ्या नावाचा राक्षस उभा असतो, हजार वर्षांचा, काळाकुट्ट, दाराला पाठ लावून. त्याने सरांच्या ऋषीला विचारलं, "तुम्हारे साथी जा सकते हैं. तुम यहीं रहोगे? हमेशा के लिए?"

सरांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तोंड उघडलं, ओठ थरथरले, आणि बाहेर आलं, "पक्का."

खेळाचा नियम होता, जे तोंडातून निघालं ते निघालं. डॉक्टर म्हणाले, "मान हलवली ना त्यांनी, ते धरा." रेवाही म्हणाली, "बाबा, कॅन्सल. मैं फिर से पूछती हूँ." पण सरांनी स्वतःच उंट उचलला, दाराच्या आत ठेवला आणि उठून खोलीत गेले. दार लावून घेतलं.

रेवा मला बिलगून रडली. "आंटी, सवाल ही गलत पूछा मैंने. बाबा अंदर रह गए." माझेही डोळे भरून आले होते. त्या दिवशी साहेब भाजी न घेताच घरी गेले.

पुढच्या रविवारी आम्ही बिचकतच गेलो. बघतो तर सर तीन वाजल्यापासून टेबलाशी बसलेले, फासा हातात. मला बघून त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, उशीर झाला म्हणून! मी म्हटलं, वाचलो.

*

त्यानंतर सलग चार रविवार आम्ही त्या दारावर डोकं आपटलं. साहेबांनी अर्ज दिला, स्मरणपत्र दिलं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र दिलं. काजळ्या झोपत नाही, त्यामुळे डॉक्टर हतबल. माझी किल्ली कुलपात फिरेना.

मग मी एक पाप केलं. रेवा पाणी प्यायला आत गेली तेव्हा तिची वही उघडून बघितली. बाकी सगळ्या चौकांचं उत्तर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, कोण कशाने हरतो, कुठला मंत्र, कुठली किल्ली. शेवटच्या दाराच्या पानावर फक्त एक ओळ होती.

'यह बाबा बताएँगे.'

मी वही जशीच्या तशी ठेवली आणि कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे सरांच्या तोंडाकडे बघत बसले असते, आणि मग शब्द येणार होता तोही आला नसता. पण घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. पोरीने केवढी मोठी पैज लावली होती!

*

पाचवा रविवार. बाहेर लॉनवर छान ऊन, आत आम्ही तिघं हरलेल्या चेहऱ्याने बसलेले. रेवा म्हणाली, "काजळ्या सामने खडा है. क्या करोगे?"

"परशू!" कुलकर्णी साहेब म्हणाले. वर्षात पहिल्यांदा! आम्ही चमकलो. "आता इलाजच नाही," ते म्हणाले आणि फाशाला हात घातला.

तेवढ्यात सरांनी त्यांचा हात धरला.

"आ..." सर म्हणाले. "आधी..."

साहेबांनी फासा खाली ठेवला. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मी पदर तोंडात धरला. खोटं कशाला सांगू, माझ्या जिभेवर दहा शब्द नाचत होते. नीलिमा वहिनी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. सरांच्या कपाळावर घाम आला होता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं, आणि कुणीही, अगदी कुणीही, ते वाक्य पूर्ण केलं नाही.

"आधी... त्याला... च... चहा विचारा."

रेवाने वहीत बघितलं. पान उलटलं, परत उलटलं. गालावरून पाणी वाहत होतं तिच्या. मग तिने खाकरून घसा साफ केला आणि काजळ्याच्या त्या घोगऱ्या आवाजात, पण मराठीत, म्हणाली,

"चालेल. साखर कमी."

आणि उंट उचलून दाराबाहेर, माझ्या बटणाशेजारी ठेवला.

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला, आत गेल्या आणि एक कप आधण वाढवलं.